महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ आणि समीकरणांचा सराव

श्रुतपंचमीच्या किंवा ज्ञानपंचमीच्या दिवशी मंदिरांतील व उपाश्रयांतील ग्रंथ कपाटांतून बाहेर काढले जातात. वर्षभराची धूळ झटकली जाते, जीर्ण झालेली वेष्टने सोडून नवी सुती वेष्टने बांधली जातात, ग्रंथांपुढे दीप लावला जातो आणि पूजन झाल्यावर ते पुन्हा कपाटात विराजमान होतात. या वेष्टनांत केवळ आचारधर्म, अध्यात्म आणि पुराणकथा यांचेच ग्रंथ असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जैन ग्रंथपरंपरेत एक ग्रंथ असाही आहे, की तो उघडून वाचला असता शाळेत बीजगणित शिकू लागलेल्या मुलाला तो आपल्याच पाठ्यपुस्तकाचा पूर्वज वाटावा. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी, इसवी सन ८५० च्या सुमारास रचला गेलेला हा ग्रंथ म्हणजे महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ होय.

या ग्रंथाचा अभिमान बाळगणारे पुष्कळ आहेत. त्यातील एखादे उदाहरण सोडवून पाहिलेले मात्र थोडे. समाजातील अनेक घरांत आज बीजगणित म्हटले की मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. दुकानातील हिशेब तोंडपाठ करणाऱ्या आजोबांच्या नातवाला ‘क्ष’ची किंमत काढताना घाम फुटतो. अशा वेळी या ग्रंथाचा केवळ गौरव न करता त्याची पाने उलगडून पाहणे अधिक उचित ठरेल.

गणिताची जैन परंपरा

जैन आगमांच्या वर्गीकरणात गणिताला स्वतंत्र स्थान आहे. श्वेतांबर परंपरेत त्याला गणितानुयोग म्हणतात. दिगंबर परंपरेतील करणानुयोगातही लोकरचना, काल आणि कर्मसिद्धांत यांच्या निमित्ताने विपुल गणित येते. स्थानांगसूत्रात संख्यानाचे, म्हणजे गणिताचे, दहा विषय सांगितले आहेत. परिकर्म, व्यवहार, रज्जू, राशी, कलासवर्ण, यावत्-तावत्, वर्ग, घन, वर्गवर्ग आणि विकल्प हे ते दहा विषय. यांतील ‘यावत्-तावत्’ या शब्दाकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष गेले. ‘जितके असेल तितके’ असा त्याचा सरळ अर्थ. पुढे भारतीय बीजगणितात अव्यक्त राशीला, म्हणजे आजच्या ‘क्ष’ला, हेच नाव मिळाले. कलकत्त्याचे गणितेतिहासकार विभूतिभूषण दत्त यांनी १९२९ साली जैन गणितावरील आपल्या निबंधात या शब्दाचा संबंध साध्या समीकरणाशी जोडला. सर्वच विद्वानांना तो अर्थ मान्य आहे असे नाही. परंतु अज्ञात राशीला नाव देऊन तिच्याशी व्यवहार करण्याची वृत्ती या परंपरेत जुनी आहे, एवढे निश्चित.

घातांकांचे उदाहरण तर अधिक स्पष्ट आहे. अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यांची संख्या सांगताना दोन या अंकाच्या पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गाला गुणावे, असे म्हटले आहे. दोनचा वर्ग ४ हा पहिला वर्ग, त्याचा वर्ग १६ हा दुसरा, २५६ हा तिसरा. याप्रमाणे पाचवा वर्ग म्हणजे दोनचा ३२ वा घात व सहावा म्हणजे ६४ वा घात. त्यांचा गुणाकार दोनचा ९६ वा घात होतो. ही संख्या २९ अंकी आहे. तिला ९६ वेळा अर्ध्याने छेदता येते, असेही तेथे सांगितले आहे. पाया समान असता गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हा आज शाळेत शिकवला जाणारा नियम याहून वेगळा नाही. आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत याच कल्पनेला ‘अर्धच्छेद’ असे नाव आहे. ३२ चे अर्धच्छेद ५, कारण ३२ ला पाच वेळा निम्मे केले की १ उरतो. ‘धवला’चे संपादन डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावती येथून केले व तिचा पहिला भाग १९३९ साली प्रसिद्ध झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे.

राष्ट्रकूटांचा काळ

महावीराचार्यांचा काळ हा राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या राजवटीचा काळ होय. अमोघवर्षाने सुमारे इ. स. ८१४ ते ८७८ अशी दीर्घकाळ सत्ता सांभाळली. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. या राज्याचा विस्तार महाराष्ट्राच्या मोठ्या भूभागावर होता. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्यातील पहिल्या कृष्णाच्या काळातले, आणि तेथील ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी, त्यांतील इंद्रसभा व जगन्नाथसभा, राष्ट्रकूट युगाचीच आठवण देतात. ‘आदिपुराणा’चे कर्ते आचार्य जिनसेन यांना अमोघवर्ष गुरुस्थानी मानत असे. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ ही रचना त्याच्या नावावर आहे आणि ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधील आद्य उपलब्ध ग्रंथ त्याच्याच दरबारातला.

याच शतकात दूर बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी समीकरणांवर ग्रंथ लिहीत होता. त्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरूनच पुढे ‘अल्जिब्रा’ हा शब्द रूढ झाला. भारतात आर्यभटांचा ग्रंथ इ. स. ४९९ चा व ब्रह्मगुप्तांचा ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ इ. स. ६२८ चा. मराठी वाचकांच्या परिचयाची भास्कराचार्यांची ‘लीलावती’ इ. स. ११५० च्या सुमाराची. म्हणजे महावीराचार्य हे ब्रह्मगुप्तांनंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी आणि भास्कराचार्यांपूर्वी सुमारे तीनशे वर्षांनी झाले.

ग्रंथाचे स्वरूप

‘गणितसारसंग्रह’ संस्कृत पद्यात असून त्यात अकराशेहून अधिक श्लोक आहेत. संज्ञा, परिकर्म, कलासवर्ण, प्रकीर्णक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खात आणि छाया असे त्याचे नऊ भाग आहेत. पूर्वीचे बहुतेक गणित ज्योतिषाच्या ग्रंथांत एखाद्या अध्यायाच्या रूपाने येई. येथे मात्र ग्रह-नक्षत्रे बाजूला ठेवून केवळ गणितासाठी ग्रंथ रचला आहे. आरंभी भगवान महावीरांना संख्याज्ञानाच्या दीपाने जग उजळणारे म्हणून वंदन आहे, नंतर नृपतुंगाची स्तुती आहे आणि त्यानंतर गणिताची थोरवी. लौकिक असो वा धार्मिक, अर्थशास्त्र असो वा संगीत, नाट्य, पाककला, वैद्यक, वास्तुविद्या अथवा छंदःशास्त्र असो, गणनेवाचून कोणाचेही चालत नाही; त्रैलोक्यात जे जे चर-अचर आहे ते गणिताला सोडून नाही, असा त्या भागाचा आशय आहे.

पहिल्या भागात गणकाचे, म्हणजे गणित करणाऱ्याचे, आठ गुण सांगितले आहेत. थोडक्यात करण्याची हातोटी, इष्ट उत्तराचा अंदाज, अनिष्ट उत्तराचा त्याग, आळस नसणे, नीट आकलन, स्मरण, नवा उपाय शोधणे आणि अव्यक्ताला व्यक्त करणारा अंक हाती आणणे, हे ते आठ गुण. शेवटच्या गुणात सारे बीजगणित सामावले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि मधला ‘अनालस्य’ हा गुण तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारखा आहे. बुद्धी असूनही सराव नसेल तर समीकरण सुटत नाही, हे आचार्यांना पुरेपूर ठाऊक होते. म्हणूनच ग्रंथात प्रत्येक नियमामागून उदाहरणे येतात. उदाहरणाच्या श्लोकात उत्तर नसते. ‘गणका, सांग’ असे आवाहन असते. उत्तर काढायचे ते शिष्याने.

खांबाचे उदाहरण : एक अव्यक्त

प्रकीर्णक भागाच्या आरंभीचे एक उदाहरण असे. एका खांबाचा आठवा भाग जमिनीत गाडलेला आहे, तिसरा भाग पाण्यात आहे, चौथा भाग शेवाळात आहे आणि सात हात खांब वर हवेत दिसतो. तर खांबाची लांबी किती?

आजचा विद्यार्थी लांबी ‘क्ष’ मानील व समीकरण मांडील : क्ष/८ + क्ष/३ + क्ष/४ + ७ = क्ष. छेद समान करण्यासाठी २४ घ्यावा. आठवा भाग म्हणजे ३/२४, तिसरा ८/२४ आणि चौथा ६/२४; एकूण १७/२४. अख्ख्या खांबातून एवढा भाग वजा केला की ७/२४ उरतो आणि तोच सात हात आहे. म्हणून खांब २४ हातांचा. ताळा पाहावा : जमिनीत ३, पाण्यात ८, शेवाळात ६ आणि वर ७, बेरीज २४.

महावीराचार्यांचा नियमही हाच आहे. दिलेल्या भागांची बेरीज एकातून वजा करावी आणि दिसणाऱ्या राशीला त्या बाकीने भागावे. विद्यार्थ्याची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. तो सातला १७/२४ ने भागू पाहतो, म्हणजे दिसणाऱ्या भागाला न दिसणाऱ्या भागाचे माप लावतो. खांबाचे चित्र डोळ्यांपुढे असेल तर ही चूक होत नाही. कोरडे ‘क्ष’ आणि ‘य’ न देता आचार्यांनी खांब, पाणी आणि शेवाळ का दिले, याचे उत्तर येथे मिळते. समीकरणाच्या दोन्ही बाजू कशाच्या आहेत हे कळले की पक्षांतराचा नियम पाठ करावा लागत नाही.

महाळुंग आणि कवठ : दोन अव्यक्त

मिश्रक भागातील एक उदाहरण तर थेट बाजारातले आहे. नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची मिळून किंमत १०७. सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची मिळून किंमत १०१. तर एका महाळुंगाची व एका कवठाची किंमत वेगवेगळी सांगावी.

शाळेत यालाच दोन चलांतील एकसामयिक समीकरणे म्हणतात. आचार्यांची रीत अशी : मोठ्या किमतीला फळांच्या मोठ्या संख्येने गुणावे, लहान किमतीला लहान संख्येने गुणावे, वजाबाकी करावी आणि फळांच्या संख्यांच्या वर्गांतील फरकाने भागावे. १०७ गुणिले ९ म्हणजे ९६३, १०१ गुणिले ७ म्हणजे ७०७, फरक २५६. ९ चा वर्ग ८१, ७ चा वर्ग ४९, फरक ३२. २५६ ला ३२ ने भागले की ८ येतात. ही महाळुंगाची किंमत. मग नऊ महाळुंगांचे ७२ झाले, १०७ पैकी ३५ उरले आणि सात कवठांना ते वाटले की कवठ ५ ला पडले. दुसऱ्या खरेदीवर ताळा पाहावा : ५६ आणि ४५ मिळून १०१.

या रीतीमागचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या समीकरणाला ९ ने व दुसऱ्याला ७ ने गुणल्यास दोन्हींत कवठे ६३ होतात. वजाबाकीत ती नाहीशी होतात व केवळ महाळुंगे उरतात. एका अव्यक्ताला समान करून काढून टाकावयाचे आणि दुसऱ्याला एकटे पाडावयाचे, ही आजच्या पाठ्यपुस्तकातील लोपाची रीतच आहे. या उदाहरणात एक सोयही आहे. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की १६ महाळुंगे व १६ कवठे मिळून २०८ होतात, म्हणजे एकेक मिळून १३. वजाबाकी केली की २ महाळुंगे २ कवठांहून ६ ने महाग ठरतात, म्हणजे एकात ३ चा फरक. ज्यांची बेरीज १३ व फरक ३, अशा संख्या ८ आणि ५. अदलाबदल झालेल्या सहगुणकांची ही युक्ती आजही दहावीच्या वर्गात शिकवली जाते.

तीन व्यापारी आणि वाटेवरची थैली

तीन व्यापाऱ्यांना वाटेत पडलेली पैशांची थैली दिसते. पहिला म्हणतो, ही थैली मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या मिळून रकमेच्या दुप्पट माझ्याकडे होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर माझ्याकडे तिप्पट होईल. तिसरा म्हणतो, माझ्याकडे पाचपट होईल. तर थैलीत किती आणि प्रत्येकाजवळ किती?

येथे चार अव्यक्ते आहेत आणि अटी तीनच. तरीही उपाय आहे. थैली व तिघांजवळची रक्कम यांची एकूण बेरीज धरावी. पहिल्याने थैली घेतली तर त्याच्याकडे दोन हिस्से व उरलेल्या दोघांकडे एक हिस्सा. म्हणजे दुसरा व तिसरा यांची रक्कम एकूण बेरजेच्या १/३. याच न्यायाने पहिला व तिसरा यांची मिळून १/४, आणि पहिला व दुसरा यांची मिळून १/६. एकूण बेरीज २४ धरली तर या जोड्या ८, ६ आणि ४ होतात. तिन्ही जोड्यांची बेरीज १८; त्यात प्रत्येक जण दोनदा आला आहे, म्हणून तिघांजवळ मिळून ९. थैलीत उरले १५. मग पहिल्याजवळ १, दुसऱ्याजवळ ३ आणि तिसऱ्याजवळ ५. ताळा : १६ हे ८ च्या दुप्पट, १८ हे ६ च्या तिप्पट, २० हे ४ च्या पाचपट. एकूण बेरीज ४८ धरली तर सर्व उत्तरे दुप्पट होतात आणि तीही बरोबरच ठरतात. अव्यक्ते अधिक व अटी कमी असल्या की उत्तर एकच राहत नाही, हा धडा विद्यार्थी येथे सहज शिकतो. अशाच थैलीची उदाहरणे इटलीतील फिबोनाची याच्या १२०२ सालच्या ‘लिबेर अबाची’ या ग्रंथातही आढळतात.

अचौर्य अणुव्रत पाळणाऱ्या श्रावकाला या उदाहरणात आणखी एक गोष्ट जाणवेल. थैली दुसऱ्याची आहे आणि ती न दिलेली वस्तू आहे. तिघे व्यापारी ‘मिळाली तर’ एवढेच बोलतात. तिला कोणी हात लावल्याचे उदाहरणात म्हटलेले नाही!

उंटांचा कळप : वर्गसमीकरण

एका पायरीने वर गेल्यावर वर्गमुळांची उदाहरणे येतात. उंटांच्या कळपाचा चौथा भाग अरण्यात दिसला, कळपाच्या वर्गमुळाच्या दुप्पट उंट डोंगराच्या उतारावर गेले आणि पाच त्रिक पंधरा उंट नदीकाठी राहिले. तर कळप केवढा?

कळपाचे वर्गमूळ ‘य’ मानल्यास कळप म्हणजे य चा वर्ग. त्याचा चौथा भाग, अधिक २य, अधिक १५ हे सर्व मिळून य चा वर्ग. चारने गुणून व पक्षांतर करून ‘तीन य-वर्ग उणे आठ य उणे साठ बरोबर शून्य’ ही द्वितीय कोटीची बहुपदी मिळते. तिचे अवयव (य उणे ६) आणि (३य अधिक १०). दुसऱ्या अवयवातून ऋण किंमत येते. वर्गमूळ येथे उंटांची संख्या सांगते, म्हणून ती सोडावी. य = ६ आणि कळप ३६ उंटांचा. ताळा : अरण्यात ९, उतारावर १२, नदीकाठी १५. अनिष्ट उत्तराचा त्याग हा गणकाचा गुण आचार्यांनी का सांगितला, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

बहुपदींच्या विस्ताराची सूत्रेही ग्रंथात शब्दांत दिली आहेत. एखाद्या संख्येचा वर्ग करावयाचा असल्यास तीत सोयीची संख्या एकदा मिळवावी, एकदा वजा करावी, दोहोंचा गुणाकार करावा व सोयीच्या संख्येचा वर्ग त्यात मिळवावा. ९७ चा वर्ग हवा असेल तर सोयीची संख्या ३, १०० गुणिले ९४ म्हणजे ९४००, अधिक ९, उत्तर ९४०९. अनेक भागांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्या भागांच्या वर्गांची बेरीज अधिक दोन-दोन भागांच्या गुणाकारांची दुप्पट, हाही नियम तेथे आहे. गुणाकाराच्या सरावासाठी तर आचार्यांनी हारासारख्या दिसणाऱ्या संख्या योजल्या आहेत. १३९ गुणिले १०९ केले की १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एककांची माळ तयार होते. आणि २७९९४६८१ गुणिले ४४१ म्हणजे १२३४५६५४३२१. कंटाळवाण्या सरावात विद्यार्थ्याला आनंद वाटावा म्हणून नवव्या शतकातील एका गुरूने घेतलेली ही काळजी आहे.

एक चूक आणि एक बरोबर पाऊल

आदर म्हणजे अंधभक्ती नव्हे. एखाद्या संख्येला शून्याने भागले असता ती संख्या तशीच राहते, असे महावीराचार्यांनी लिहिले आहे. हे बरोबर नाही. शून्याने भागाकार ही क्रिया आजच्या गणितात व्याख्यातच नाही. उलट, ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटले आहे. वास्तव संख्यांच्या क्षेत्रात ते आजही खरे आहे. युरोपात ऋण संख्यांच्या वर्गमुळांचा विचार सोळाव्या शतकात सुरू झाला, हे लक्षात घेता या विधानाचे महत्त्व कळते. पूर्वजांची चूक सांगण्याचा संकोच बाळगणारा समाज त्यांचे बरोबर असलेलेही नीट सांगू शकत नाही.

हिशेब आणि व्रत

मिश्रक भागात व्याज, भागीदारीतील नफ्याची वाटणी, सोन्याचा कस अशा विषयांची रेलचेल आहे. अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्या परंपरेतील ग्रंथात पैशांची एवढी उदाहरणे कशी, असा प्रश्न एखाद्याला पडेल. याचे उत्तर श्रावकाचारात आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. घेताना अधिक व देताना कमी मापणे, हा व्रताचा दोष होय. मापात व हिशेबात चोख राहावयाचे तर हिशेब आधी यावा लागतो. भागीदाराला त्याचा वाटा देताना अपूर्णांक चुकला, व्याज आकारताना मुदत चुकली, तर हेतू शुद्ध असूनही दुसऱ्याचे नुकसान होतेच. व्यापारी श्रावकाच्या दृष्टीने गणिताचा सराव हा प्रामाणिकपणाचाच सराव आहे.

ग्रंथाचा प्रवास

दक्षिणेत या ग्रंथाचा प्रसार दीर्घकाळ राहिला. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन याने त्याचे तेलुगूत रूपांतर केले. त्यानंतर शतकानुशतके तो हस्तलिखितांच्या रूपाने टिकून राहिला. आधुनिक जगापुढे तो आला १९१२ साली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी मूळ संस्कृत पाठ, इंग्रजी अनुवाद व टिपा यांसह तो संपादित केला आणि मद्रास सरकारने छापला. त्याला अमेरिकेतील गणितेतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांची प्रस्तावना आहे. रंगाचार्यांनी परिशिष्टात उदाहरणांची उत्तरेही दिली, म्हणून आजच्या वाचकाला आपला ताळा पाहता येतो.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल महाराष्ट्रात पडले. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ साली या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती प्रसिद्ध केली. अनुवादक होते गणिताचे प्राध्यापक लक्ष्मीचंद्र जैन; ग्रंथमालेचे संपादक होते डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन. व्यापारातून मिळालेले द्रव्य गणिताच्या ग्रंथासाठी खर्च व्हावे, यात एक औचित्य आहे. ज्या विद्येने व्यापाराचा हिशेब चोख ठेवला, तिचे ऋण अशा रीतीने अंशतः फेडले गेले.

वेष्टन सोडण्याची वेळ

वेष्टन ग्रंथाचे धुळीपासून व कसरीपासून रक्षण करते. विस्मरणापासून मात्र रक्षण होते ते वाचनानेच. हस्तलिखिते नकलून ठेवणाऱ्या अज्ञात लेखनिकांनी एकेक आकडा जपून पुढच्या पिढीच्या हाती दिला. तो आकडा पुढच्या पिढीने वापरलाच नाही, तर जपणूक अर्धीच राहते. आज हातातील मोबाइलवर गुणाकार क्षणात होतो. परंतु खांबाचा कोणता भाग कशाच्या बरोबर मांडावयाचा, दोन खरेद्यांतून एक फळ कसे काढून टाकावयाचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. तो निर्णय सरावाशिवाय येत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एक साधा संकल्प करता येण्यासारखा आहे. येत्या श्रुतपंचमीला व ज्ञानपंचमीला ग्रंथपूजनानंतर पाठशाळेतील मुलांपुढे फळ्यावर ‘गणितसारसंग्रहा’तील एक उदाहरण लिहावे आणि ते मुलांनी, त्यांच्या पालकांनी व आजी-आजोबांनी मिळून सोडवावे. कोणी ‘क्ष’ मानून सोडवील, कोणी त्रैराशिकाने, कोणी तोंडी. रीत कोणतीही असो, शेवटी ताळा पाहावा. उत्तर चुकले तर पुन्हा मांडावे. अव्यक्ताला व्यक्त करणारा अंक ज्या दिवशी एखाद्या लहान मुलाच्या हाती लागेल, त्या दिवशी त्या ग्रंथाचे खरे पूजन झाले असे म्हणता येईल. आणि महावीराचार्यांना वाहिलेली तीच उचित आदरांजली ठरेल.